‘मॅडम, केस करावी का?’

प्रसूतीच्या वेळी बाळाला इजा झाली, किंवा झाली असावी असा संशय आहे, असे आईवडील माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, बहुधा बालरोगतज्ज्ञांनी पाठवलं म्हणून येतात. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: आईला झोप नाही, सतत रडू येतं, घरात वाद. पण पहिल्या भेटीत, कधी बसता बसता तर कधी उठता उठता, एक प्रश्न येतोच. ‘मॅडम, केस करावी का?’

हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकला आहे की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि पुष्कळ भेटींतलं थोडंच इथे आहे.

बाळ सव्वा वर्षाचं. जन्मल्यावर लगेच रडलं नव्हतं, पहिल्या दिवशीच झटके आले, बरेच दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं. आता मान नीट धरत नव्हतं, पाय ताठ, डावी मूठ कायम आवळलेली. निदान सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा न राहणं. बाबांनी सगळी माहिती मोबाईलमध्ये तारीखवार लिहून ठेवलेली. आई बाळाची मूठ हळूहळू उघडत बसली होती. अंगठा बाहेर काढायची, तो परत आत जायचा, ती परत काढायची.

बाबा म्हणाले, ‘हॉस्पिटलला सोडणार नाही मी. पण हिलाच नकोय. नुसते पेपर मागून आणू म्हटलं तरी ही अडवते.’

‘केस करून बाळ बरं होणार आहे का?’ आई मूठ न सोडता म्हणाली.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. समुपदेशकाकडून निकाल हवा असतो तेव्हा लोक असंच पाहतात. मी निकाल देत नाही. पण अशा वेळी ‘आधी मन शांत होऊ दे, मग ठरवू’ असंही म्हणत नाही, कारण इथे कायद्याचं घड्याळ चालू असतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. परिणाम उशिरा लक्षात आला तर मुदत कधीपासून मोजायची यावर युक्तिवाद करता येतो, सबळ कारण असेल तर उशीर माफही होतो. पण त्या भरवशावर बसू नये. या दोघांकडे थोडे महिने उरले होते.

म्हणून मी दोघांना एकच गोष्ट सुचवली. केस करायची की नाही हे बाजूला ठेवा, पण कागद आजच मागा. कागद मागणं म्हणजे केस करणं नव्हे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपाव्या लागतात. अर्ज लेखी करा, पोच घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन परतू नका. आईचे केसपेपर, नर्सच्या नोंदी, प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख म्हणजे पार्टोग्राफ, बाळाच्या ठोक्यांच्या मशीनच्या पट्ट्या, संमतिपत्रं, बाळाचा अपगार स्कोअर म्हणजे जन्मल्याबरोबर त्याची प्रकृती पाहून दिलेले गुण, एनआयसीयूची फाईल, हे सगळं नाव घेऊन मागा.

बाबांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं. आईने मान डोलावली. पुढच्या भेटीला अर्ज झालेला नव्हता. त्याच्या पुढच्याही नाही. आईची सही राहिली होती.

जी व्यक्ती बाळाच्या फिजिओथेरपीची एकही वेळ चुकवत नाही, ती एक सही महिनाभर लांबवते, तेव्हा तो आळस नसतो. पुढच्या वेळी मी बाबांना बाळाला घेऊन बाहेर बसायला सांगितलं.

‘फाईल हातात आली तर तिच्यात काय सापडेल असं वाटतं?’

ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘माझं बोलणं.’

‘म्हणजे?’

‘रात्री डॉक्टर म्हणाले होते, प्रगती नाही झाली तर सिझर करावं लागेल. मी म्हटलं, थोडं थांबू या का. नॉर्मलच व्हावं असं फार मनात होतं माझ्या. ते लिहिलेलं असणार ना? हा वाचेल ना ते?’

सव्वा वर्ष तिने हे एक वाक्य एकटीने सांभाळलं होतं. ‘तुझी काही चूक नाही’ असं घरात सगळ्यांनी तिला सांगून झालं होतं, आणि तिला ते खोटं वाटत होतं. वाटणारच, कारण सांगणाऱ्यांना ते वाक्य माहीतच नव्हतं. आरोप काय आहे हे न ऐकता दिलेली माफी कुणाला पटेल? विचार तपासून पाहिल्याशिवाय भावना हलत नाही असं मानणारी मी आहे, त्यामुळे धीर देण्याच्या भानगडीत मी पडले नाही. तपासायला बसले.

‘तुम्ही थांबू या म्हणालात, तेव्हा बाळाला त्रास होतोय असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’

‘नाही.’

‘थांबल्याने काय होऊ शकतं, ते?’

‘नाही. ते बरं म्हणाले आणि गेले.’

‘सांगितलं असतं तर?’

‘तर मी स्वतः चालत गेले असते ऑपरेशनला.’ हे मात्र ती ताडकन बोलली.

आता इथे कायदा माझ्या मदतीला येतो, आणि समुपदेशन करणाऱ्यांनी थोडा कायदा वाचावा असं मी म्हणते ते यासाठीच. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली खटल्यात संमतीबद्दल स्पष्ट म्हटलं आहे: उपचार काय, पर्याय कोणते, धोके कोणते, उपचार न घेतल्यास काय होईल, एवढी पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ च्या माँटगोमेरी खटल्यात, मधुमेह असलेल्या आईला प्रसूतीतला खांदा अडकण्याचा धोका सांगितला नव्हता म्हणून तिच्या बाजूने निकाल दिला. हे मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे मला विचारण्याआधी सांगायला हवं होतं.’

‘हवं होतं. सांगितलं की नाही ते कागद आणि तज्ज्ञ बघतील. पण तुम्हाला जे माहीतच नव्हतं, त्यावरून तुम्ही त्या रात्रीच्या स्वतःला शिक्षा देताय.’

तिने त्या दिवशी सही केली. नुसती सही नाही, जाताना बाबांना ते वाक्यही सांगितलं. माझ्यासमोरच. मला वाटलं होतं ते चिडतील किंवा समजूत घालतील. ते खाली बसले. म्हणाले, ‘मी खाली गाडीत झोपलो होतो. फोन सायलेंटवर. पहाटे सिस्टर मला शोधत होत्या म्हणे, सहीसाठी.’

‘मला नव्हतं माहीत,’ ती म्हणाली.

‘कसं सांगणार?’

हॉस्पिटलला सोडणार नाही म्हणणारा माणूस स्वतःलाही सोडत नव्हता. एक ओरडत होता, एक गप्प होती, आणि दोघं त्याच रात्रीबद्दल स्वतःवर खटला चालवत होते. इतक्या वर्षांच्या कामात हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे: ‘केस करावी का’ या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा ‘दोष माझा होता का’ हा प्रश्न असतो, आणि लोक त्याचं उत्तर न्यायाधीशांकडून मिळेल या आशेने कोर्टात जातात. ते तिथे मिळत नाही. ग्राहक आयोग पाहतो ते एवढंच, की उपचार वाजवी दर्जाचे होते का, आणि इजा त्यातल्या उणिवेमुळे झाली का. तिथे हरलात म्हणजे तुम्ही दोषी ठरत नाही. तसंच, जिंकल्यावर अपराधीपण गळून पडतं असंही नाही. भरपाई मिळूनही रात्री जागणारे आईबाप मला माहीत आहेत. तो प्रश्न आधी घरात सोडवावा, मग केसचा विचार मोकळ्या डोक्याने करता येतो.

फाईल आली तेव्हा दोघं ती घेऊन आले. पार्टोग्राफची झेरॉक्स टेबलावर पसरली. त्यावर बाळाच्या ठोक्यांचे टिंब असतात, प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यात साधारण दर अर्ध्या तासाला एक. मध्यरात्रीपर्यंत टिंब सरळ जात होते, मग बरेच रकाने कोरे, आणि पहाटे एकदम खाली एक टिंब. आईने कोऱ्या रकान्यांवरून बोट फिरवलं. बाबांनी लगेच फोटो काढला. मी म्हटलं, हा पुरावा आहे असं मी म्हणणार नाही, नाही असंही म्हणणार नाही. नोंद नाही याचा अर्थ तपासणी झालीच नाही असा घ्यायचा की नाही, हे तज्ज्ञ सांगतील.

हे मी सगळ्यांनाच बजावते. सेरेब्रल पाल्सी म्हणजे डॉक्टरांची चूक, असं समीकरण नाही. बहुतेक मुलांत कारण प्रसूतीच्या तासांतलं नसतंच. हा वाद जुना आहे. १८६२ मध्ये विल्यम लिटल या शल्यविशारदाने अवघड प्रसूतीला जबाबदार धरलं, आणि १८९७ मध्ये एका मेंदूतज्ज्ञाने म्हटलं की कधी कधी अवघड प्रसूती हेच गर्भात आधीच झालेल्या बिघाडाचं लक्षण असू शकतं. तो मेंदूतज्ज्ञ म्हणजे सिग्मंड फ्रॉइड, मनोविश्लेषणाकडे पूर्ण वळण्याआधीचा! म्हणून वकिलाकडे जाण्याआधी किंवा सोबतच, त्या हॉस्पिटलशी संबंध नसलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला आणि नवजात शिशुतज्ज्ञाला फाईल दाखवा. ठोके, अपगार, नाळेच्या रक्ताची तपासणी, एमआरआय हे एकत्र पाहूनच काही म्हणता येतं. ‘यात निष्काळजीपणा दिसत नाही’ असं मत आलं तर तेही ऐकायची तयारी ठेवा. काही कुटुंबांना त्या उत्तरानेच शांत झोप लागलेली मी पाहिली आहे.

मत अनुकूल आलं तर रस्ते वेगवेगळे. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. हॉस्पिटलला मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, मग मागितलेली भरपाई कितीही असो. आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलासोबत आईवडिलांनाही ग्राहक मानून त्यांच्या मनस्तापाची वेगळी भरपाई दिली, तेव्हा ‘आम्ही कोण मागणारे’ असं वाटून घेऊ नका. सगळ्यांवरच मोफत उपचार करणारं सरकारी रुग्णालय या कायद्यात येत नाही, तिथे दिवाणी न्यायालयाचा मार्ग वकिलाला विचारा. वैद्यकीय परिषद डॉक्टरवर कारवाई करू शकते, भरपाई देत नाही. पोलिसांत जाण्याची घाई बाबा लोकांना फार असते; जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्येच ठरलंय की फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो. आणि वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिला, मुलं आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत विधी सेवा आहे. १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा.

वेळ लागतो, हे मी लपवत नाही. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये अपुऱ्या दिवसांची जन्मलेली एक मुलगी डोळ्यांची तपासणी न झाल्याने दृष्टी गमावून बसली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पुढच्या उपचारांचा खर्च आणि महागाई धरून सुमारे १.८० कोटी रुपये मंजूर केले. तोवर ती मोठी झाली होती. म्हणून बाळाचे उपचार तारखांवर टांगू नका. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा, निरामय योजनेचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा घ्या. यांपैकी कशालाही निकालाची गरज नाही. उपचारांच्या पावत्या मात्र पहिल्या दिवसापासून एका फाईलमध्ये. भरपाई ठरवताना त्याच बोलतात.

या दोघांना दोन्ही तज्ज्ञांनी पुढे जा म्हटलं. मुदत संपायच्या आत तक्रार दाखल झाली. तारखांना बाबा जातात. आईने सांगितलं, मी फिजिओला जाते, तू तिकडे जा. बाळ आता टेकून बसतं. मूठही पूर्वीइतकी आवळलेली नसते.

मध्यंतरी हॉस्पिटलचा लेखी जबाब आला. त्यात लिहिलं होतं, ‘रुग्णाने स्वतः सिझेरियनला नकार दिला.’ मला वकिलांकडून आधी कळलं आणि पोटात धस्स झालं. संध्याकाळी तिचा फोन आला.

‘मॅडम, जबाब वाचला. नकार दिला म्हणे मी. नकाराच्या कागदावर माझी सही कुठेय, ते आधी दाखवा म्हणावं.’

मी विचारलं, उत्तर कसं द्यायचं याबद्दल बोलायचंय का.

‘नाही, ते वकिलांना विचारलंय. तुम्हाला नुसतं सांगायला केला.’