आधी तिच्या नावावर काय आहे ते बघ

अनेक आशीर्वाद.

आठ मार्चच्या महिला दिनाच्या कार्यक्रमासाठी निफाड-सिन्नरकडच्या वीरपत्नींच्या मुलाखती घ्यायच्यात, मथळा 'जिद्दीला सलाम' ठरलाय, आणि आता विचारायचं काय ते तुला सुचत नाही. सुचणार कसं? उत्तर तू आधीच छापून ठेवलंस. त्या बायका धीराच्या आहेत यावर आपलं दुमत नाही. तो धीर कशाच्या जोरावर उभा आहे हे कळायला हवं असेल, तर तिच्या नावावर काय आहे ते बघ.

पहिला कागद पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. त्यात पेन्शनचा प्रकार लिहिलेला असतो. लढाईत किंवा अतिरेक्यांशी झुंजताना जवान गेला तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे पेन्शनला धरला जाणारा शेवटचा पगार पूर्ण. सेवेमुळे, पण लढाईबाहेर गेला तर त्याच पगाराच्या 60 टक्के. मृत्यूचा सेवेशी संबंध नसेल तर साधी फॅमिली पेन्शन, 30 टक्के, सुरुवातीची काही वर्षं त्याहून जास्त. नोंद 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे लढाईतला मृत्यू, अशी झाली की नाही, या एका शेऱ्यावर घराचं सगळं गणित बदलतं.

मग नाव बघ. आपल्याकडे लग्नात पोरीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. पलटणीत पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे जवानाच्या घरच्या बदलांची नोंद करणाऱ्या लष्करी आदेशाने, लग्नाची नोंद झाली ते नाव, आधारवरचं आणि बँकेतलं, तिन्ही अक्षरन्‌अक्षर जुळायला हवीत. एकीकडे सुनीता, दुसरीकडे सविता, की फाइल परत. मग दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात छापून आणा, जवानांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस आपल्या नाशिकरोड कॅम्पातच आहे. बाकी पलटणींची दूरदूर, त्यांच्याशी पत्रव्यवहार जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत केलेला बरा.

जमिनीत खरी मेख असते. जमीन जवानाच्या स्वतःच्या नावावर असेल तर पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलंमुली आणि त्याची आई. वडील त्यात येत नाहीत. हे सासऱ्यांना ठाऊक नसतं, किंवा असतंही. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा आणि फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून नाव डोळ्यांनी वाचायचं. जमीन सासऱ्यांच्याच नावावर असेल तर प्रश्न वाटणीचा. तिथे वकील लागतो. आणि दहाव्या-तेराव्याच्या गर्दीत कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं, तर सही नाही. विचार करून सांगते म्हणायचं, आणि सांगायचंच नाही.

पैशाचंही तेच. सानुग्रह रक्कम आणि विम्याचे पैसे आले की द्राक्षबागेचं कर्ज आठवतं, सोसायटीची थकबाकी आठवते, दिराला ट्रॅक्टर आठवतो. खातं फक्त तिच्या एकटीचं हवं, एटीएम कार्ड तिच्याच पिशवीत, आणि पिन दिराच्या मोबाइलमध्ये नको. दुसरं लग्न केलंस की पेन्शन बंद, असं गावात ठासून सांगतात. सरसकट तसं नाही. लिबरलाइज्ड पेन्शन मुलांना सांभाळणाऱ्या बाईला लग्नानंतरही चालू राहू शकते. कितीतरी जणी या एका थापेपायी अडकून पडतात, आणि आपण त्याला निष्ठा म्हणून हार घालतो!

तू दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये पडक्या घरांचा मलबा उपसणाऱ्या बायकांचे फोटो पाठवलेस. सुंदर आहेत. आता पुढचं ऐक. ढिगारा उपसणारीला घरी बसलेल्या बाईपेक्षा वरच्या वर्गाचं रेशनकार्ड मिळायचं. हातोडीने विटांवरचा चुना झाडणाऱ्या त्या हातांना कार्डाची गरज होती. 1955 मध्ये बर्लिनच्याच हाझेनहाइडे बागेत त्यांचा पुतळा बसला. पण मुलं वाढवल्याची वर्षं आयांच्या पेन्शनीत धरणारा कायदा 1986 पासून लागू झाला, तोही 1921 पासून पुढे जन्मलेल्यांसाठी. मोठ्या वयाच्या बायकांना त्यासाठी आणखी झगडावं लागलं. रवांडात 1994 च्या वंशसंहारानंतर विधवांना रूढीप्रमाणे नवऱ्याच्या जमिनीवर वारसाहक्क नव्हता. तो 1999 च्या कायद्याने दिला, पण लग्न नोंदवलेलं असेल तरच. नोंद नसलेल्यांचं काय? म्हणून म्हणतो, नावावर काय आहे ते बघ.

लोक मला रुक्ष म्हणतात, माणूस सोडून कागद बघतो म्हणतात. म्हणोत. शाल-श्रीफळ देणारे तासाभरात घरी जातात. फेरफाराची तारीख पडते तेव्हा त्यांतलं कुणी तहसीलला नसतं.

आता जाशील तेव्हा कॅमेरा गाडीत ठेव. पीपीओ, पासबुक, सातबारा आणि मुलांचे जन्मदाखले पाहायला माग, तिने दाखवले तरच. फोटो तुझ्या मोबाइलवर घेऊ नकोस. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो, मागचा कधी दिला ते विचार. अर्ज लिहून देशील तर दोन प्रती कर, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घे, आणि ती प्रत तिच्याकडेच राहू दे. मुलाखतीचं नंतर बघू.