कंसातला प आणि डोक्यावरचं टिंब

आजीच्या वहीतल्या भूप रागाच्या बंदिशीत प कंसात का लिहिलाय आणि टिंबं बघून पेटीवर वाजवलं तर भलतंच का निघतं, असं तुम्ही विचारलंय.

आधी टिंबांचं बघू. स्वर लिहायच्या दोन पद्धती आहेत, भातखंड्यांची आणि पलुसकरांची. वही कोणत्या पद्धतीची, हे ठरल्याशिवाय एकही चिन्ह वाचू नका. भातखंडे पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, पायाशी टिंब म्हणजे मंद्र (खालचं). पलुसकर पद्धतीत डोक्यावरचं टिंबच मंद्राचं, आणि तारेला वर उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंड्यांकडे मध्यमावर आली की तीव्र (चढा) म! कोमल (उतरलेल्या) स्वराला भातखंड्यांत खाली आडवी रेघ, पलुसकरांत अक्षराचा पाय मोडलेला. मी आधी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, बघतो: फुली असेल तर भातखंडे, १ असेल तर पलुसकर. पुण्यात हा घोळ व्हायचाच. पलुसकरांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ साली इथे गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि भातखंड्यांची क्रमिक पुस्तकंही शिकणाऱ्यांच्या हाती होतीच. एकाच पानावर दोन्ही पद्धतींची सरमिसळ केलेल्या वह्या मी पाहिल्यात.

आता कंस. तो खटका आहे: वरचा स्वर, मूळ स्वर, खालचा स्वर, पुन्हा मूळ, हे सगळं त्या एका स्वराच्या जागेत झटकन. मात्र वरचा-खालचा म्हणजे त्या रागातला. यमनात (प) घेताना ध, प, तीव्र म, प. भूपात मध्यम वर्ज्य, म्हणून धपगप. पाठ केलेलं धपमप तिथे वाजवलंत की भूप संपला.

स्वराच्या डोक्याशी डावीकडे बारीक अक्षर असेल तर तो कण, म्हणजे शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श; त्याला वेगळी मात्रा देऊ नका. भातखंड्यांत स्वरांवरची कमान मींडेची (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं), खालची कमान एका मात्रेत बसवायच्या स्वरांची. पेटीवर मींड निघत नाही, हे दुखणं आहेच. बिहाग रागात नि वरून प वर येताना ध ला निसटता स्पर्श करा, ठासून दाबू नका.

नागमोडी रेघ मात्र लिहिणाऱ्यावर असते. कुणी ती आंदोलनाला (स्वराचा संथ हेलकावा) काढतं, कुणी गमकेला (जोरकस कंप). दरबारी रागाच्या कोमल ग वर दिसली तर आंदोलनच समजा. पेटीवर ते जमणार नाही, ती जागा गळ्यातून काढा.