टाकलेलं नाही, उरलेलं मोज

पोरी,

काल कूलरसमोर बसून तू एकच वाक्य बोलत राहिलीस, सर माझा डेटा उलटसुलट येऊन राहिला. कमी प्रोजेस्टेरॉन हार्मोनला ग्लिओब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूच्या कॅन्सरच्या, पेशी वाढल्या, जास्त डोसला मेल्या, आणि गाईड म्हणतात रिसेप्टरचं, म्हणजे हार्मोन पकडणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाचं, काहीतरी लिहून मोकळी हो. मी तेव्हा चिडलो, चहासुद्धा नीट पिऊ दिला नाही तुला, रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितो.

७२ तास डिशमधे प्रोजेस्टेरॉनच होतं हे तू धरून चालली, काहून? तू टाकलं म्हणून? अगं ट्यूमरची पेशी गप्प बसते का. तिच्यातलं ५-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम त्याचं डायहायड्रोप्रोजेस्टेरॉन करतं, मग दुसरं एन्झाइम त्याचं ॲलोप्रेग्नॅनोलोन करतं, आणि ते मुख्यतः प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरवर नाही तर गाबा-ए या वेगळ्याच रिसेप्टरवर काम करतं. म्हणजे तू एका हार्मोनचं नाव लिहून राहिली आणि काम कदाचित दुसराच करून राहिला. टेस्टोस्टेरॉनचंही तसंच, अरोमॅटेज एन्झाइम असलं की त्याचं एस्ट्रॅडिओल होतं. टाकलेलं नाही, उरलेलं मोज.

मेडिकल चौकात कुठल्याही दुकानात डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, मिळतं ना, मेंदूची सूज उतरवायला देतात ते, त्याच्या रेणूत फ्लोरिन वगैरे घातलंय म्हणून एन्झाइमांना ते लवकर मोडता येत नाही, ते टिकतं. प्रोजेस्टेरॉनला असं कुठलंच संरक्षण नाही.

आणि मेंदू स्वतःही स्टिरॉइड बनवतो, हे सगळे हार्मोन स्टिरॉइडच. १९८१ मधे फ्रान्सच्या ब्यूलियूंच्या गटानं दाखवलं की ॲड्रिनल आणि वृषणं काढलेल्या रॅटच्याही मेंदूत डीएचईए सल्फेट हे स्टिरॉइड शिल्लक राहतं. हे मी वाचलं होतं, तोंडपाठ होतं, आणि तरी सी-६ ग्लिओमावर, म्हणजे रॅटच्या मेंदूच्या ट्यूमरच्या पेशींवर, काम करताना दोन वर्षं दर तिसऱ्या दिवशी जुना मीडिया, म्हणजे पेशी वाढवायचं द्रव, बेसिनमधे ओतत आलो. उत्तर त्यातच होतं. आमच्याकडे एलसी-एमएस, म्हणजे रेणू वेगळे करून मोजायचं यंत्र, नव्हतं, रेडिओॲक्टिव्ह हार्मोन वापरायची परवानगी नव्हती, मे महिन्यात लाइट जायची, पेपरातले आकडे खरे होते आणि आजही मी त्यांच्या मागे उभा आहे, पण निष्कर्षात जे छातीठोक लिहिलं ते लिहायचा हक्क मला नव्हता. मीडिया छोट्या ट्यूबमधे गोठवून ठेवायला काय लागत होतं? फ्रीझर तर होता.

म्हणून सांगतो, सीरम चारकोल-स्ट्रिप्ड, म्हणजे कोळशानं स्टिरॉइड काढून टाकलेलं, घे, नाहीतर त्यातलेच स्टिरॉइड मधे येतात. फिनॉल रेड नसलेला मीडिया घे, तो रंग इस्ट्रोजेनसारखा वागतो हे १९८६ पासून माहीत आहे. एक प्लेट पेशींशिवाय ठेव, कारण स्टिरॉइड प्लॅस्टिकलाही चिकटतात आणि तुला वाटेल पेशींनी खाल्लं. ०, ६, २४, ७२ तासाला मीडिया काढून गोठव. मग रिडक्टेज थांबवणारं डुटास्टेराइड टाकून परत कर, फिनास्टेराइड नको, मेंदूत मुख्यतः टाइप १ रिडक्टेज असतं आणि फिनास्टेराइड ते नीट थांबवत नाही. रिडक्टेज बंद असताना जास्त डोसनं पेशी मरतात की नाही ते बघ, मग रिसेप्टरबद्दल बोलू.

गाईड उशीर होतो म्हणतील. होऊ दे. उरलेलं मोजल्याशिवाय मी तुझ्या ड्राफ्टला हात लावणार नाही, हे त्यांना माझं नाव घेऊन सांग.

आज संध्याकाळी प्लेट बदलायची आहे ना तुझी? जुना मीडिया फेकायच्या आधी मला फोन कर.