मामांच्या डब्यातले रोमन

ताई, डांबराच्या गोळ्या डब्यात टाकल्या असतील तर आधी त्या काढा. बाकीचं नंतर वाचा.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. देवगडच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. मामा बोटीवर होते, तेव्हा बंदराबंदरांतून आणलेले साठेक प्लास्टिकचे शिपाई त्यात आहेत. बहुतेक रोमन, काही दाढीवाले झगेवाले, आणि एक हत्ती. काही चिकट झालेत, दोघांचे भाले मोडलेत. मुलाला ते दिवाळीच्या किल्ल्यावर हवेत, तुम्हाला ते पावसाळ्यातून वाचवायचेत, आणि भाऊ विचारतोय की विकले तर काय येईल. तिघांच्याही प्रश्नांआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: प्लास्टिक कुठलं आहे? शिपाई कुठल्या देशाचा ते सावकाश बघू. ठेवायचं कसं, रंगवायचं कशानं, चिकटवायचं कशानं, हे सगळं प्लास्टिकच्या जातीवर ठरतं.

हे मी नुकसान करून घेऊन शिकलोय. कॉलेजात असताना आखातात असलेल्या काकांनी मला कडक प्लास्टिकचे, हाताने रंगवलेले बारा रोमन आणून दिले होते. मिरगाच्या आधी आईने ते वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या साड्यांच्या ट्रंकेत ठेवले आणि कसर लागू नये म्हणून मूठभर डांबरगोळ्या टाकल्या. गणपतीत ट्रंक उघडली तेव्हा बाराही जण कागदाला चिकटले होते. नाकं बसली होती, आणि त्यांच्या पुढाऱ्याच्या ढालीवर आंब्याच्या भावाची बातमी उलट्या अक्षरांत छापली गेली होती. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन, आणि त्याच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं. आईची त्यात काही चूक नव्हती, साड्या चांगल्या राहिल्याच की.

तर, जात ओळखायची कशी? बादलीभर पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे हवेचे बुडबुडे अंगाला चिकटून फसवणार नाहीत. एकेक शिपाई पाण्याखाली धरून सोडा. वर येऊन तरंगला तर पॉलिइथिलीन. हे पाण्याहून हलकं असतं, हाताला मेणचट लागतं आणि जरा वाकतं. बुडाला आणि फरशीवर टेकवताना 'टक्' असा कडक आवाज आला तर पॉलिस्टायरीन. बुडाला पण रबरासारखा लवतोय, किंवा चिकट झालाय, तर पीव्हीसी. चिकटपणा ही घाण नव्हे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते वर्षांनी बाहेर झिरपतं. ते शेजारच्या कडक शिपायाला लागलं तर त्याचंही अंग विरघळवतं. म्हणून चिकट मंडळी आजच वेगळी काढा, कोमट साबणपाण्याने हलक्या हाताने धुवा, आणि त्यांना वेगळी खोली द्या.

दोन प्रकार मात्र पाण्यात टाकू नका. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड वाटणारा शिपाई शिशाचा असू शकतो. पोकळ शिशाचे शिपाई ओतायची युक्ती इंग्लंडमध्ये ब्रिटन्स कंपनीने १८९३ मध्ये काढली आणि पुढे कित्येक दशकं ते बनत राहिले. तसला निघाला तर मुलाच्या हाती देऊ नका. दुसरा प्रकार भुश्शाचा. एलास्टोलिन हे जर्मन नाव तळावर दिसलं तर नीट बघा. ती कंपनी आधी लाकडाचा भुसा आणि सरस तारेच्या सांगाड्यावर दाबून शिपाई बनवायची, प्लास्टिककडे ती १९५० च्या दशकात वळली. भुश्शाच्या शिपायाला पाणी लागलं की तो फुगतो, आतली तार गंजते आणि पाय तडकतात. आपल्या हवेत तो बिचारा कोरडा असतानाही सुखी नसतो.

आता पावसाळा. आपल्याकडे सगळ्यांना पावसाचीच भीती. जांभ्याच्या भिंतींना घाम येतो, चपलांवर भुरी चढते, तेव्हा भीती साहजिक आहे. पण प्लास्टिकला दमटपणाचं फारसं काही वाटत नाही. दमट हवेत नासतो तो पुठ्ठ्याचा खोका, धातूचा तळ, आणि कच्च्या पायावर दिलेला रंग. प्लास्टिकचा वैरी ऊन. माझे इटलीत बनलेले ग्रीक शिपाई, मऊ प्लास्टिकचे, पश्चिमेच्या खिडकीत समुद्राकडे तोंड करून आठ-नऊ वर्षं उभे होते. रोज संध्याकाळी छान दिसायचे. एकदा जाळी झाडायला गेलो आणि केरसुणीच्या नुसत्या स्पर्शाने तिघांचे भाले आणि एकाचा घोटा बिस्किटासारखा तुटला. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि हवेतल्या प्राणवायूने पॉलिइथिलीनच्या लांब साखळ्या तुटत जातात. वरून कळत नाही, हात लावल्यावर कळतं. यावर औषध नाही. तुमच्या मामांचा डबा पत्र्याचा, बंद, अंधारातला होता, म्हणून तर बहुतेक जण शाबूत राहिले. मामांनी नकळत सर्वांत बरी जागा निवडली होती.

तेव्हा काचेच्या कपाटाच्या नादी लागू नका, लागलात तर खिडकीच्या समोरच्या भिंतीला लावू नका. झाकणाचा डबा, आत सुती कापड, आणि सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या औषधाच्या डबीत किंवा नव्या चपला घेताना मिळतात त्याच, पण पावसाळ्यात महिन्याभरात ओल्या होतात, त्या बदलायच्या. वर्तमानपत्र नको, ते का नको ते वर सांगितलंच.

मोडलेल्या भाल्यांचं. तरंगणाऱ्या जातीला फेविक्विकही धड धरत नाही, तुम्ही ते लावून झालं असेल तर अनुभव आलाच असेल. ते प्लास्टिक कुठल्याच गोंदाला अंगाला लावून घेत नाही. मी मुठीत सुईने भोक पाडतो आणि नवा भाला ओवतो. नवा भाला म्हणजे खराट्यातला माडाचा हीर. इंग्लंड-जर्मनीतले लोक यासाठी तारा विकत घेतात, आपल्या खळ्यात तो फुकट पडलेला असतो. वाकतो, मोडत नाही, आणि सुरीने तासला की टोक सुंदर येतं. भाला मोडला नसून नुसता वाकला असेल तर कपभर कढत पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवा, सरळ धरा आणि तसाच गार पाण्यात घाला. उकळत्या पाण्यातही पॉलिइथिलीन वितळत नाही, नुसतं नरमतं. चिरंजीवांना हे काम द्या, आवडेल, पण पाणी तुम्ही ओता.

रंगवावं का? कारखान्यातून रंगून आलेल्या जुन्या शिपायाला ब्रश लावू नका, रंग उडालेला असला तरी. हे मी हात जोडून सांगतो. एकाच रंगाचे, बिनरंगाचे असतील ते खुशाल रंगवा. मेणचट प्लास्टिकवर रंग ठरत नाही, म्हणून आधी साबणाने धुवून साच्याचं तेल काढायचं आणि मग गाड्यांच्या प्लास्टिक बंपरला रंगाआधी मारतात तो प्रायमर. अनेक जण फेविकॉल पातळ करून लावायला सांगतात. कोरड्या गावात चालत असेल. माझ्याकडे श्रावणात तो पांढरट होऊन सालीसारखा निघाला. स्प्रे कुठलाही असो, तो पावसात मारू नका, दमट हवेत त्यावर दुधी साय धरते. दिवाळी ते शिमगा हा आपला रंगकामाचा हंगाम. वर अ‍ॅक्रिलिक रंग, पातळ हात, दोनदा. मऊ पीव्हीसीवर तेली इनॅमल मारलात तर तो वर्षानुवर्षं वाळणार नाही, बोटाला लागत राहील.

चेहरा रंगवायला मी शिकलो तो आमच्या वाडीतल्या गणपतीच्या शाळेत. तिथले म्हातारे मूर्तिकार डोळ्यांची आखणी करताना श्वास रोखायचे आणि कोपर टेकवल्याशिवाय ब्रश उचलायचे नाहीत. वरची पापणी आधी, बुबुळ नंतर, आणि बुबुळ पापणीला टेकलेलंच हवं, नाहीतर देव दचकलेला दिसतो. रोमन शिपायाचंही तसंच. चोपन्न मिलिमीटरच्या शिपायाला हे सगळं करता येतं. चोवीस मिलिमीटरच्याला नुसती सावली द्या, डोळे काढू नका.

हे आकडे कुठले, तर उंचीचे. मोठे असतील तर साधारण ५४ मिमी, म्हणजे १/३२ प्रमाण. बारके २४ मिमीच्या आसपास, म्हणजे १/७२. एलास्टोलिनचे प्लास्टिकवाले त्याहून उंच, ७ सेंटिमीटरचे. पट्टी लावून तीन ढीग करा. मग तळ बघा. 'हाँगकाँग' कोरलेलं असेल तर बहुधा युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या एखाद्या साच्याची नक्कल. पूर्ण शिपाई एकाच रंगाच्या मऊ प्लास्टिकचा आणि 'अटलांटिक' हे नाव असेल तर इटलीचा, १९७० च्या दशकातला. त्यांनी ग्रीक, रोमन, इजिप्ती असे संच काढले होते. डोकं, धड, पाय वेगळे निघतात आणि रंग वरून दिलेला नसून वेगवेगळ्या रंगांचं प्लास्टिकच एकावर एक ओतलेलं असेल तर इंग्लंडचा टिंपो. त्यांचे रोमन मला सर्वांत लाडके. सुटे भाग एकमेकांत बदलू नका, मुलं हमखास बदलतात. 'मार्क्स' असेल तर अमेरिकन. त्या कंपनीने १९५९ मध्ये 'बेन-हर' सिनेमाच्या निमित्ताने रोमन रथांसकट मोठा संच काढला होता.

भावाला सांगा, पैसे ब्रँडपेक्षा पूर्णपणाला येतात. मूळ रंग, मूळ हत्यार, मूळ खोका. सरसकट डब्याचा भाव विचारणाऱ्याला डबा दाखवूच नका.

आणि किल्ल्यावर ठेवायचे का? मामांचे नको. जत्रेत पिशवीत मिळतात ते ठेवा, चिखलात बुडाले तरी दुःख नाही. आमच्या लहानपणी दर दिवाळीत रोमन फौज राजगडावर चालून यायची आणि मातीच्या मावळ्यांकडून मार खाऊन परत जायची. इतिहासाच्या मास्तरांनीही कधी हरकत घेतली नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण यापुढे भर घालणार असाल तर एक सांगतो. दिसेल तो संच घेऊ नका. मी वीस वर्षं तेच केलं आणि घरात नुसती गर्दी झाली. हॅट, झ्वेझ्दा, सीझर, इटालेरी अशा कंपन्यांनी १/७२ मध्ये हिटाईटांपासून कार्थेजपर्यंत इतकं काढलंय की पगार पुरायचा नाही. एक प्रसंग धरा आणि त्याला लागतील तेवढेच शिपाई जमवा. मग चुका दिसायला लागतात, आणि खरी मजा तिथून पुढे आहे. खेळण्यातला जवळजवळ प्रत्येक रोमन पट्ट्यापट्ट्यांचं लोखंडी चिलखत घालतो. ज्यूलियस सीझरच्या सैनिकांच्या अंगात ते नव्हतं, ते कड्यांचं जाळीदार चिलखत घालत. मॅसेडोनियाच्या, म्हणजे सिकंदराच्या, पायदळाचा भाला साडेपाच मीटरच्या घरातला, म्हणजे २४ मिमीच्या शिपायाच्या हातात तो ७६ मिमीचा हवा. साच्यातून निघालेला बहुतेक वेळा तोकडा असतो. पुन्हा हीर आहेच.

सध्या माझ्या टेबलावर दोन कामं आहेत. एक पोरसाचा, म्हणजे सिकंदराशी लढलेल्या राजाचा, तिरंदाज, झेलमच्या काठावरचा, इसवी सनापूर्वी ३२६. ग्रीक इतिहासकार एरियनने लिहून ठेवलंय की भारतीय पायदळाचं धनुष्य माणसाएवढं उंच असे, त्याचं खालचं टोक जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबत आणि दोरी मागे ओढत. बाण तीन हातांहून थोडाच कमी. ५४ मिमीच्या शिपायाला म्हणजे चाळीस-एक मिमीचा बाण. असा तयार शिपाई मला कुठे मिळाला नाही, म्हणून गुडघा कापून पाय पुढे घेतोय. दोनदा फसलंय.

दुसरं काम आपल्या किनाऱ्याचं. रोमन पलटण कोकणात कधी उतरली नाही, उतरले ते व्यापारी. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात सेमिल्ला म्हणजे आपलं चौल, सुप्पारा म्हणजे सोपारा आणि कल्याण ही बंदरं आहेत. घाटावर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती निघाली, कार्ल्याच्या लेण्यात यवनांनी, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीकांसारख्या पश्चिमेकडच्या परदेशी लोकांनी, दान दिलेले खांब आहेत. आणि त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की हिंदुस्थानाकडे येणाऱ्या गलबतांवर तिरंदाजांच्या तुकड्या ठेवत, कारण चाच्यांचा फार उपद्रव होता. म्हणजे आपल्या समुद्रावर शोभेल असा एकच रोमन काळातला शिपाई आहे, आणि तो ढालतलवारवाला नाही. तो डेकवरचा धनुर्धारी, ओठांवर मीठ सुकलेला, आणि पलीकडे आपल्याकडचे चाचे. डेक सागाच्या तुकड्यांचा केलाय. चार तिरंदाज झालेत, दोन कमी पडतायत.

तुमच्या डब्यातले दाढीवाले झगेवाले कदाचित पर्शियन किंवा असीरियन असतील. त्यांच्यात धनुष्यवाले असतील तर दोघांचा उजेडात, पण उन्हात नव्हे, एक फोटो काढा. आणि हत्तीच्या पायांच्या तळव्यांवर किंवा पोटाखाली काय कोरलंय तेवढं बघून कळवा.