कोल्हापुरात बेअर्डेड ड्रॅगनच्या (पाळीव ऑस्ट्रेलियन सरड्याच्या) टाकीत खाली काय अंथरावं? पंचगंगेची वाळू चाळून, धुऊन घातली तर चालेल का?

वाळू नको. पिल्लू चार-पाच महिन्यांचं असेल तर अजिबातच नको. ते किड्यावर झडप घालतं तेव्हा जीभ आधी जमिनीला लागते आणि किड्याबरोबर वाळूही पोटात जाते. टाकीत ऊब कमी असेल किंवा अंगात पाणी कमी असेल, तर ती आतड्यात साचून शी अडकते. दुकानात 'कॅल्शियम सँड' म्हणून मिळते तीही घेऊ नका, आणि अक्रोडाच्या टरफलांचा भुगा तर नकोच, त्याच्या कडा धारदार असतात.

पिल्लाला साधा टिश्यू रोल किंवा वर्तमानपत्र अंथरा. घाण झालं की काढून टाकायचं. शी कशी होतेय, हेही लगेच दिसतं.

मोठ्यासाठी माझी पसंती खरखरीत पार्किंग टाइलला. टाइलच्या दुकानात उरलेले तुकडे मिळतात, मापात कापूनही देतात. गुळगुळीत चकचकीत फरशी मात्र टाळा, पाय घसरतात. खरखरीत टाइलवर नखं आपोआप झिजतात, आणि उबेसाठी लावलेल्या दिव्याखालचा तुकडा छान तापतो. तिथे साधारण 38 ते 42 अंश हवेत. थर्मामीटरने मोजाच, हाताच्या अंदाजावर जाऊ नका.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) स्वस्त मिळतं, पण ते ओल धरून ठेवतं. हा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातला प्राणी, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओलसर असतात. पावसाळ्यात टाइल उचलून खालची बाजू आठवड्यातून एकदा पुसा, तिथेच बुरशी धरते.

पिल्लाला दोन-तीन दिवस शी झाली नाही, किंवा लहान-मोठ्या कुणाचंही पोट फुगलं किंवा मागचे पाय ओढत चालायला लागला, तर थांबू नका. सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यांकडे त्याच दिवशी न्या.