पासबुक कुणाच्या कपाटात आहे?

*ताई, माझं वय 44. मिस्टर खासगी कंपनीत सुपरवायझर आहेत. पगारातून दर वर्षी टॅक्स कापला जातो, दारात चारचाकी आहे. मुलगी कॉलेजात आहे. 2024 च्या जुलैत सगळ्या बायका लाडक्या बहिणीचे फॉर्म भरत होत्या, तेव्हा यांनी माझ्याही सह्या घेतल्या. मी म्हटलं, आपण बसतो का त्यात? तर म्हणाले, भरून तर ठेवू. पुढे म्हणाले, फॉर्म बाद झाला. मी विसरूनही गेले. मग मागच्या दिवाळीच्या सुमारास माझ्या मोबाइलवर ओटीपी आला, तो यांनी मागून घेतला. रेशनकार्डाचं काम आहे म्हणाले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, तसाच ओटीपी त्यांना लाडक्या बहिणीच्या केवायसीला आला होता. तेव्हापासून झोप नाही. विचारलं की चिडतात. जनधनच्या वेळचं माझं एक खातं आहे, पासबुक आणि कार्ड यांच्या कपाटात असतं, मी कधी पाहिलेलं नाही. खरंच पैसे येत असतील तर काय करू? नवऱ्याची तक्रार करायची का? लोक काय म्हणतील? माणूस तसा वाईट नाही हो, निर्व्यसनी आहे. – गोंधळलेली*

तुमचं सगळं पत्र मिस्टरांबद्दल आहे. ते काय म्हणाले, केव्हा चिडले, कसे निर्व्यसनी आहेत. खात्याबद्दल फक्त एक ओळ आहे, तीही जाता जाता लिहिलेली. मी मात्र त्याच ओळीपाशी थांबले आणि पुढचं वाचायला मला वेळ लागला.

जनधन योजना 2014 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. म्हणजे इतकी वर्षं तुमच्या नावाचं खातं आहे आणि त्याचं पासबुक तुम्ही एकदाही उघडलेलं नाही. ज्या प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे, त्याचं उत्तर पलीकडच्या खोलीतल्या कपाटात आहे. ते तुम्ही नवऱ्याला विचारलंत, शेजारच्या वहिनींना विचारलंत, आता मला विचारताय. बँकेला विचारलं नाहीत. याचा मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

आता तुमचा प्रश्न. नवऱ्याची तक्रार करायची का? अहो, अर्जदार कोण आहे? या योजनेत अर्ज बाईच्या नावाने असतो. आधार तिचं, सही तिची, आणि महिन्याचे 1,500 रुपये थेट तिच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. अर्जासोबत हमीपत्र असतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर नाही, घरात कुणी आयकर भरत नाही, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नाही, अशा एकेका वाक्यासमोर खूण करायची आणि खाली सही करायची. तुमच्या घरात आयकरही आहे आणि चारचाकीही. खुणा कुणी केल्या ते मला माहीत नाही. सही तुमची आहे.

म्हणजे पैसे येत असतील तर कागदावर फसवणूक तुमच्या नावावर आहे. तुम्ही स्वतःला साक्षीदार समजून पत्र लिहिलंय, पण वसुलीची नोटीस निघाली तर पाकिटावर तुमचं नाव असेल. वर्षाचे 18,000 होतात. देणं तुमचं आणि कार्ड त्यांच्या कपाटात, ही वाटणी तुम्हाला दिसत कशी नाही?

हे नुसतं घाबरवण्यासाठी लिहीत नाही. 2025 च्या जुलैमध्ये सरकारनेच सांगितलं की छाननीत 26 लाख 34 हजार लाभार्थी अपात्र वाटले आणि त्यांचे हप्ते थांबवले. लाभ घेणाऱ्यांत 14 हजारांवर पुरुष निघाले होते. त्याच सप्टेंबरमध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात बाईच्या आधारवर ओटीपी येतो, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर. तुमच्याकडून रेशनकार्डाच्या नावाने मागून घेतलेला ओटीपी कशाचा असावा, हे तुमच्या वहिनींनी बरोबर ओळखलं आहे असं मलाही वाटतं. पण वाटण्यावर कशाला राहायचं?

माणूस वाईट नाही, निर्व्यसनी आहे, हे तुम्ही लिहिलंत. असेल. दारू न पिणारा माणूस बायकोला एकदा ‘फॉर्म बाद झाला’ म्हणून आणि एकदा ‘रेशनकार्डाचं काम आहे’ म्हणून तिच्याच सहीबद्दल आणि तिच्याच आधारबद्दल खोटं सांगू शकतो. ते पैसे त्यांनी घरातच घातले असतील, मुलीच्या फीला भरले असतील, तरी माझं मत बदलत नाही. ही योजना अशीच का आखली असेल याचा विचार करा. पैसे घरच्या कर्त्याच्या खात्यात न टाकता बाईच्या खात्यात टाकले, ते तिच्या हातात पडावेत म्हणून. तुमच्या बाबतीत तुमचा हात फक्त सहीला आणि ओटीपीला लागला.

कपाटातलं पासबुक मागणं किती अवघड असतं, ते मला ठाऊक आहे. माझ्या पहिल्या नोकरीच्या पगाराचं पासबुक सहा वर्षं सासऱ्यांकडे होतं. ते वाईट नव्हते, मला कधी काही कमी पडू दिलं नाही. पण पासबुक मागायचं मनात आलं की मी आपलीच वस्तू चोरायला निघाल्यासारखी कावरीबावरी व्हायचे. शेवटी मी ते मागितलंच नाही. दुपारच्या सुट्टीत बँकेत गेले आणि स्वतःच्या खात्याची सगळी माहिती घेऊन आले. म्हणून तुम्हालाही सांगते, कपाटाच्या वाटेला जाऊच नका. किल्ली मागायची नाही, कारण सांगायचं नाही, भांडायचं नाही.

सोमवारी बँकेत जा. आधार आणि पॅन न्या. खाते क्रमांक माहीत नसला तर बँकेला नाव आणि आधारवरून शोधता येतो. पासबुक हरवलं असं खोटं सांगू नका. ‘माझ्याकडे नाही, जुलै 2024 पासूनचं स्टेटमेंट हवंय’ एवढं पुरे. तिथेच खात्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते बघा आणि स्वतःचा जोडून घ्या. जुनं कार्ड बंद करा, नवं मागा. अनुदान आधारमार्फत एका वेळी एकाच बँकेत जातं, तेव्हा तुमचं आधार अनुदानासाठी याच बँकेशी जोडलेलं आहे का, तेही विचारा. ‘माय आधार’च्या वेबसाइटवर बँक सीडिंग म्हणून पर्याय आहे, तिथेही दिसतं. मुलगी दोन मिनिटांत काढून देईल. भलत्याच बँकेचं नाव आलं तर तिथे जा.

पंधराशेच्या नोंदी दिसल्या तर त्यातल्या रुपयालाही हात लावू नका. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करा: आमचं कुटुंब निकषात बसत नाही, माझा लाभ बंद करावा, मिळालेली रक्कम परत करायला मी तयार आहे, भरणा कसा करायचा ते कळवावं. शिक्का मारलेली पोच घ्या आणि ती आईकडे किंवा बहिणीकडे ठेवा. अर्ज देण्याआधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात वकिलाला दाखवा. 1987 च्या कायद्याने बाईला तिथे मोफत सल्ला मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो. सह्या कशा घेतल्या, ओटीपी काय सांगून घेतला, सगळं त्या वकिलाला खरं सांगा. नवऱ्याला सांभाळून घेणारी गोष्ट रचू नका, त्यांना अडकवणारीही नको. स्वतःहून अर्ज करून लाभ सोडणाऱ्या बायका याआधीही झाल्या आहेत. तुम्ही काही जगावेगळं करणार नाही.

पैसे आलेलेच नसतील तर मला मनापासून आनंद होईल. तरीही नंबर आणि कार्ड बदलूनच घरी या.

लोक काय म्हणतील? लोक तुमच्या बँकेच्या रांगेत उभे असतील, त्यांना स्वतःची घाई असेल.

मिस्टरांना संध्याकाळी सांगा. आधी नको. आधी सांगितलंत तर ते चिडतील, तुम्ही सोमवारचा मंगळवार कराल आणि आणखी एक हप्ता येईल. बँकेतून आल्यावर, कागद पर्समध्ये ठेवून, सरळ आवाजात सांगा: मी खातं बघून आले, अमुक नोंदी आहेत, अर्ज करणार आहे. ते ओरडतील. ओरडू देत. स्टेटमेंटवरचे आकडे ओरडण्याने पुसले जात नाहीत, आणि तुम्हाला त्यांच्याकडून कबुली काढायची गरजही उरणार नाही. पुढे संसाराचं काय, हे मला त्यानंतर लिहा. आज त्याचं उत्तर मी देणार नाही, कारण आज तुमच्याकडे फक्त संशय आहे आणि संशयावर मी कुणाला नवऱ्याशी कसं वागावं ते सांगत नाही.

बँकेत एकट्या जाऊ नका, मुलीला सोबत न्या. कॉलेजात आहे म्हणजे तिचंही खातं असेल. वाटेत तिला विचारा, तिचं पासबुक कुठे असतं.