दगड कुठे गेला?

प्रश्न: कोरियन मालिकेत खाली ‘एका दगडात दोन पक्षी’ असं येतं, पण पात्र ‘क्वाँग’ असं काहीतरी म्हणतं. ते काय? – एक वाचक, मिरज

उत्तर: कान तिखट आहेत हो तुमचे! दगड तिथे नाहीच. ‘क्वाँग मॉक्को आल मॉङ्नुन्दा’, म्हणजे फेझंट हा रानपक्षीही खाल्ला, वर अंडीही खाल्ली. मादी अंड्यांवर घट्ट बसते, माणूस जवळ आला तरी लवकर उठत नाही. ती हाती लागली की अंडीही आलीच. (मला ही म्हण जरा निर्दयीच वाटते.) दगडवालीही आहे, ‘इल्सॉक-इजो’, चार चिनी अक्षरांची.

माझी लाडकी मात्र ‘तोरांग छिगो काजे चाम्नुन्दा’. पाट उपसला आणि काजे पकडले. काजे म्हणजे गोड्या पाण्यातला, दगडाखाली दडणारा, नांग्यावाला जीव. आजोळी कोकणात पाट साफ करताना आम्हाला खेकडे मिळायचे, म्हणून ही चटकन पटली. गंमत म्हणजे कोरियन शब्दकोश तिचा उलटा अर्थही देतात: आधी पाट उपसलात, दगड काढलेत, आता काजे कुठले सापडायला? क्रम चुकला, मेहनत वाया. तेव्हा मालिकेत ती ऐकलीत तर आधी बोलणाऱ्याचा चेहरा बघा.